शंभर वर्षांपूर्वीचा मृत्यू सापडतो, दहा वर्षांपूर्वीचा का सापडत नाही?

वंशावळ लिहायला घेतलेल्या माणसाची साधारण अशी समजूत असते की जितके मागे जावे तितकी माहिती दुर्मीळ होत जाते आणि जवळच्या काळाचे तर सगळे हाताशीच असते. मृत्यूच्या नोंदींबाबत मात्र अनुभव पुष्कळदा उलटा येतो. पणजोबांच्या मृत्यूची नोंद, तिच्यातल्या आजाराच्या नावासकट, एखाद्या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर घरबसल्या वाचायला मिळते. पण त्यांच्याच धाकट्या मुलीचे, म्हणजे आजोबांच्या बहिणीचे, निधन २०१२ च्या सुमारास नेमके कोणत्या शहरात आणि कोणत्या तारखेला झाले याचा काही केल्या पत्ता लागत नाही. नोंद झालेली असते, ती जपूनही ठेवलेली असते, फक्त ती आपल्याला पाहू दिली जात नाही. अलीकडच्या मृत्यूचा शोध म्हणजे हरवलेल्या कागदाचा शोध नव्हे, तर बंद कपाटातल्या कागदाचा शोध आहे, हे एकदा नीट समजले की पुढची वाट आखता येते.

कपाट बंद का असते, हे आधी पाहू. मृताची गोपनीयता हे त्याचे मुख्य कारण नाही. युरोपीय संघाच्या विदा-संरक्षण (वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या) नियमावलीच्या प्रास्ताविकात तर स्पष्टच म्हटले आहे की ती मृत व्यक्तींच्या माहितीला लागू होत नाही. खरी काळजी मागे राहिलेल्यांची असते. मृत्यूच्या नोंदीत खबर देणाऱ्याचे नाव, नाते आणि बहुधा पत्ताही असतो. मृत्यूचे कारण आनुवंशिक आजाराचे असेल तर ते मुलाबाळांविषयीही काही सांगून जाते. आणि जन्मतारीख, आईचे माहेरचे आडनाव, ओळख क्रमांक या गोष्टी एकत्र हाती लागल्या तर मृताच्या नावाने फसवणूक करणे सोपे होते. म्हणून बहुतेक देशांनी ठरावीक वर्षे उलटल्यावरच नोंदवही सर्वांसाठी खुली करण्याची पद्धत ठेवली आहे, आणि ही वर्षे प्रत्येक ठिकाणी निराळी आहेत. जर्मनीत मृत्यूची नोंद ३० वर्षांनी अभिलेखागाराकडे जाते आणि अभ्यासकाला पाहता येते. नेदरलँड्समध्ये त्यासाठी ५० वर्षे थांबावे लागते. कॅनडात सगळीकडे एकच नियम नाही: ब्रिटिश कोलंबियात २० वर्षांनी नोंद खुली होते, ऑन्टारियोत ७० वर्षांनी. अमेरिकेत तर प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. पेनसिल्व्हेनियात मृत्यूची नोंद ५० वर्षांनी सार्वजनिक होते. फ्लोरिडात दाखला कोणालाही मिळतो, पण मृत्यूच्या कारणाचा भाग ५० वर्षे झाकलेला राहतो. कॅलिफोर्नियात नातेवाईक नसलेल्यालाही प्रत मिळते, मात्र ओळख सिद्ध करण्यासाठी ती ग्राह्य नाही असे तिच्यावर ठळक छापलेले असते. भारतातला १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदाही याच वळणाचा आहे. त्यानुसार नोंदीचा उतारा मागता येतो, परंतु त्यात मृत्यूचे कारण दिले जात नाही.

या नियमांच्या गर्दीत एक गफलत फार वेळा होते. नोंदवहीचे छायाचित्र संकेतस्थळावर न दिसणे आणि दाखला न मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्कॉटलंडमध्ये ५० वर्षांच्या आतल्या मृत्यूच्या नोंदीचे छायाचित्र संकेतस्थळावर उघडत नाही, परंतु सूचीत नाव सापडले तर प्रमाणित उतारा रीतसर मागवता येतो. आयर्लंडच्या सरकारी संकेतस्थळावरही ५० वर्षांपूर्वीच्याच मृत्यूनोंदी दिसतात. त्यानंतरच्या नोंदीसाठी नोंदणी कार्यालयाकडे अर्ज करायचा असतो. तेव्हा संकेतस्थळाने हात वर केले म्हणून शोध थांबवू नये. त्या प्रदेशाच्या नोंदणी कार्यालयाचा नियम वाचून तीन प्रश्नांची उत्तरे काढावीत: सूची कोणत्या वर्षापर्यंत खुली आहे, दाखला मागण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि नातेवाईक म्हणून मागायचा असल्यास नाते कसे सिद्ध करायचे. तिसऱ्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण चुलत नातवाला जो दाखला मिळत नाही तो सख्ख्या मुलाला किंवा नातवाला सहज मिळतो, आणि असा एखादा सख्खा वारस आपल्या ओळखीत असेल तर त्याच्याच नावाने अर्ज करवणे हा सर्वांत सरळ मार्ग ठरतो.

अलीकडच्या मृत्यूंच्या शोधात सर्वाधिक वापरली गेलेली आणि सर्वाधिक गैरसमज असलेली साधनसामग्री म्हणजे अमेरिकेतील सोशल सिक्युरिटी मृत्यू-सूची. तिचा उगम समजून घेतल्याशिवाय ती नीट वाचता येत नाही. १९३५ च्या कायद्याने निवृत्तिवेतनाची ही योजना उभी राहिली, १९३६ पासून लोकांना तिचे ओळख क्रमांक दिले जाऊ लागले, आणि मृत व्यक्तीच्या नावाने पैसे जाऊ नयेत म्हणून मृत्यूची माहिती ठेवणे योजना चालवणाऱ्या प्रशासनाला भाग पडले. १९६२ च्या सुमारास हे काम संगणकावर गेले. त्यामुळे सूचीतील बहुसंख्य नोंदी त्यानंतरच्याच आहेत. माहितीच्या अधिकाराखाली झालेल्या दाव्यातील तडजोडीनंतर १९८० पासून ही माहिती बाहेर मिळू लागली आणि वंशावळ शोधणाऱ्यांचे दिवस पालटले. नाव, जन्मतारीख, मृत्यूची तारीख किंवा महिना, शेवटच्या निवासाचा पिनकोड आणि क्रमांक कोणत्या राज्यातून मिळाला होता ही सगळी माहिती एका ओळीत मिळत असे.

पुढे दोन वेळा दार अरुंद झाले. राज्यांकडून आलेल्या मृत्यूनोंदी जाहीर करण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे ठरवून प्रशासनाने नोव्हेंबर २०११ मध्ये सुमारे ४२ लाख नोंदी सार्वजनिक सूचीतून काढून घेतल्या. त्यानंतर, मृत बालकांचे क्रमांक वापरून करपरताव्याची फसवणूक झाल्याच्या तक्रारी गाजल्या आणि २०१३ च्या अर्थसंकल्पीय कायद्याने असा नियम आणला की मृत्यूनंतरची तीन कॅलेंडर वर्षे ती नोंद केवळ प्रमाणित संस्थांनाच पाहता येईल. अनेक वंशावळ संकेतस्थळांवरची ही सूची २०१४ च्या सुमारास जिथे होती तिथेच थांबली, त्याचे कारण हे. म्हणून २०१८ साली वारलेल्या माणसाचे नाव तिथे मिळाले नाही तर त्यावरून काहीही निष्कर्ष निघत नाही. त्याहून जुन्या काळातही ज्याच्या मृत्यूची खबर प्रशासनाला कोणी दिली नाही त्याचे नाव सूचीत येत नसे. घराबाहेर कधी नोकरी न केलेल्या स्त्रिया त्यात अनेकदा दिसत नाहीत, ते त्यामुळेच. आणि शेवटचा निवास म्हणजे मृत्यूचे ठिकाण नव्हे. म्हातारपणी लेकीकडे राहायला गेलेला माणूस तिच्या गावच्या रुग्णालयात वारला, तरी सूचीत जुन्या घराचा पिनकोड असू शकतो, आणि त्याच्या भरवशावर चुकीच्या काउंटीकडे (जिल्ह्याकडे) अर्ज जातो.

या सूचीपेक्षाही घराण्याच्या इतिहासाला उपयोगी पडणारा कागद तिच्या मागे दडलेला आहे. क्रमांक मिळवण्यासाठी माणसाने स्वतः भरलेल्या अर्जात त्याचे पूर्ण नाव, जन्मस्थळ आणि आईवडिलांची नावे, आईच्या माहेरच्या आडनावासह, असतात. मृत व्यक्तीच्या अर्जाची प्रत प्रशासनाकडून मागवता येते. आईवडील अजून हयात असण्याची शक्यता असेल तर त्यांची नावे झाकून पाठवली जातात. याच अर्जांवरून तयार झालेल्या संगणकीय फायलींचा मोठा भाग, १९३६ ते २००७ या काळात मृत्यू झालेल्यांचा, अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि तेवढा काळ तरी त्याने सूचीतील उणीव बरीच भरून निघते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये चित्र जवळजवळ विरुद्ध आहे. तिथे नागरी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली आणि मृत्यूच्या दाखल्याला बंदीचा काळच नाही. गेल्या वर्षीच्या मृत्यूचा दाखलासुद्धा कोणीही मागवू शकतो. अडचण असते ती नेमकी नोंद ओळखण्याची, कारण एकाच नावाची माणसे शेकड्यांनी मरतात. सूचीत १८६६ पासून वय येऊ लागले, आणि १९६९ च्या दुसऱ्या तिमाहीपासून वयाऐवजी पूर्ण जन्मतारीख. हा बदल दिसायला किरकोळ, पण परिणामाने फार मोठा आहे. त्याचा उपयोग कसा होतो हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, १९२४ साली जन्मलेल्या एका स्त्रीचे लग्नापूर्वीचे नाव तेवढे आपल्याला ठाऊक आहे. २९ सप्टेंबर १९३९ ला, युद्ध सुरू होताच, तिथे सर्व नागरिकांची एक नोंदवही तयार झाली होती. तीत जन्मतारीख दिवस-महिन्यासह आहे, आणि पुढे आरोग्यसेवेने हीच वही वापरात ठेवल्यामुळे लग्नानंतरची आडनावे जुन्या आडनावाच्या वर किंवा शेजारी वेगळ्या शाईने १९९१ पर्यंत लिहिली जात राहिली. शंभर वर्षे पूर्ण न झालेल्या आणि मृत्यूचा पुरावा नसलेल्या माणसांच्या ओळी त्यात झाकलेल्या असतात. १९२४ चा जन्म असेल तर ती ओळ आता उघडी आहे. त्या ओळीतून दोन गोष्टी हाती येतात, सासरचे आडनाव आणि जन्माची तारीख. मग १९६९ नंतरच्या मृत्यूसूचीत ते आडनाव आणि तीच जन्मतारीख असलेली नोंद शोधायची. नाव अगदी सामान्य असले तरी जन्मतारखेसकट जुळणाऱ्या नोंदी बहुधा एक-दोनच निघतात, आणि दाखला मागवल्यावर शंका उरत नाही, कारण एप्रिल १९६९ पासूनच्या दाखल्यात विवाहित स्त्रीचे माहेरचे आडनाव आणि जन्मस्थळही लिहिलेले असते.

फ्रान्सने आणखी वेगळा रस्ता धरला. तेथील राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने १९७० पासूनच्या मृत व्यक्तींची फाइल डिसेंबर २०१९ मध्ये सर्वांसाठी खुली केली आणि ती दरमहा अद्ययावत होते. नाव, जन्माची तारीख व ठिकाण, मृत्यूची तारीख व ठिकाण एवढे तिच्यात मिळते, आणि त्यावरून संबंधित नगरपालिकेकडे मृत्यूच्या नोंदीची प्रत मागता येते. ती मागायला नातेवाईक असण्याची अट नाही. शिवाय तिथे १९४५ पासून माणसाच्या मृत्यूची टीप त्याच्या जन्मनोंदीच्या समासात लिहिण्याचा नियम आहे, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीची, म्हणजे आता खुली असलेली जन्मनोंद वाचताना पुष्कळदा अलीकडच्या मृत्यूची तारीख आयतीच मिळून जाते. माझ्या मते वंशावळ शोधणाऱ्यासाठी याहून उपकारक नियम दुसरा नसेल.

सरकारी वही बंद असली तरी काही कागद स्वभावतःच जाहीर असतात, कारण लोकांना कळावे म्हणूनच ते काढलेले असतात. मृत्युपत्र आणि मालमत्तेच्या वाटपाचे कागद हे त्यांपैकी पहिले. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८५८ पासूनच्या प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्राला मिळालेल्या कायदेशीर मंजुरीची, सूची सरकारी संकेतस्थळावर शोधता येते. तीत मृत्यूची तारीख असते, आणि प्रोबेट मंजूर झाल्यावर मृत्युपत्राची प्रतही कोणालाही मिळते. अमेरिकेत हे कागद काउंटीच्या न्यायालयात असतात, आणि मृत्युपत्र नसलेल्या प्रकरणातही वारसांची नावे, नाती आणि पत्ते अर्जात द्यावे लागत असल्याने ते एखाद्या दाखल्यापेक्षा अधिक बोलके ठरतात. दुसरा कागद म्हणजे धनकोंसाठीची जाहीर सूचना. ब्रिटनच्या सरकारी राजपत्रात, १९२५ च्या विश्वस्त कायद्यातील कलम २७ खाली, मृताकडून कोणाला कर्ज येणे असल्यास दोन महिन्यांत कळवावे अशी सूचना छापली जाते. तीत नाव, पूर्वीचे आडनाव असल्यास तेही, शेवटचा पत्ता आणि मृत्यूची तारीख असते. कोरडा सरकारी मजकूर म्हणून लोक तिकडे वळत नाहीत, हे नवलच आहे. अर्थात मालमत्ता अगदी थोडी असेल किंवा पती-पत्नींच्या संयुक्त नावावर असेल तर प्रोबेट लागतच नाही, आणि मग ही वाटही बंद.

निधनवार्तेचे मोल मात्र सर्वांना ठाऊक असते. ती वाचायची कशी याकडे दुर्लक्ष होते. तिच्यात मृताविषयी जेवढे असते त्याहून अधिक जिवंत नातेवाइकांविषयी असते. इंग्रजी वर्तमानपत्रांतील निधनवार्तेत ‘मागे कोण आहेत’ आणि ‘आधी कोण गेले’ अशा दोन याद्या देण्याची रीत आहे. समजा, एका भावाच्या १९९८ च्या निधनवार्तेत बहिणीचे नाव पहिल्या यादीत आहे, आणि दुसऱ्या भावाच्या २००७ च्या निधनवार्तेत तीच बहीण दुसऱ्या यादीत गेली आहे. तिचा स्वतःचा एकही कागद न पाहता आपल्याला कळले की तिचा मृत्यू या नऊ वर्षांतला आहे. पहिल्या यादीत तिच्या नावापुढे गावाचे नाव असते, म्हणजे प्रदेशही कळतो. आडनाव बदललेले दिसले तर दुसरे लग्नही कळते. अशा दोन-तीन निधनवार्ता शेजारी ठेवून वाचल्या की नऊ वर्षांचा पट्टा दोन वर्षांवर येतो, आणि मग नोंदणी कार्यालयाला विशिष्ट कालावधीचा शोध घ्यायला सांगता येते. ऑस्ट्रेलियात या कामाला रायरसन निर्देशिका फार उपयोगी पडते. वर्तमानपत्रांतील निधनाच्या जाहिरातींची ही मोफत सूची स्वयंसेवकांनी उभारलेली असून, न्यू साउथ वेल्समध्ये मृत्यूची सूची ३० वर्षे बंद असते हे लक्षात घेतले म्हणजे तिची किंमत कळते.

इंटरनेटवरील निधनवार्तांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. जाहिरातींच्या उत्पन्नासाठी दुसऱ्यांच्या शोकसूचना उचलून, यंत्राकडून फुगवून लिहून घेतलेली पाने अलीकडे सर्रास दिसतात, आणि त्यांत वय, गाव, मृत्यूचे कारण बिनदिक्कत चुकवलेले असते. अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थेचे स्वतःचे पान किंवा स्थानिक वर्तमानपत्र सापडेपर्यंत असा मजकूर टिपून ठेवावा, पण त्यावर विसंबू नये. कबरींची छायाचित्रे जमवणाऱ्या संकेतस्थळांचा उपयोगही असाच मर्यादित आहे. दगडावर नाव कोरले म्हणजे माणूस तिथे पुरला गेलाच असे नाही. पतीच्या दगडावर पत्नीचे नाव आणि जन्मवर्ष आधीच कोरून मृत्यूचे वर्ष मोकळे ठेवलेले असते, आणि ती दुसरीकडे वारली तर ती जागा कायमची मोकळी राहते. दहन झालेल्यांचा तर दगडही नसतो. त्यांच्यासाठी दहनगृहाच्या नोंदवहीतच विचारणा करावी लागते.

दाखला हाती आल्यावर त्यातली प्रत्येक ओळ सारख्याच विश्वासाची नसते. मृत्यूची तारीख, ठिकाण आणि कारण ही माहिती साधारणपणे डॉक्टरकडून किंवा त्या क्षणी हजर असलेल्यांकडून आलेली असते, तेव्हा ती भक्कम. जन्मतारीख, जन्मस्थळ, आईवडिलांची नावे ही खबर देणाऱ्याच्या आठवणीवर अवलंबून असतात, आणि खबर देणारा जावई किंवा वृद्धाश्रमाचा व्यवस्थापक असेल तर त्याला सासूच्या आईचे माहेरचे आडनाव ठाऊक असण्याचे कारणच नाही. म्हणून खबर देणाऱ्याचा रकाना सर्वांत आधी वाचावा. त्यावरून बाकीच्या रकान्यांचे वजन ठरते, शिवाय ज्याच्याशी पुढे संपर्क साधायचा असे बहुधा एकमेव नाव तिथेच असते.

हा संपर्क जपून साधावा. पाच वर्षांपूर्वी आई गमावलेल्या माणसाला अनोळखी चुलत नातेवाइकाचे पत्र येते आणि त्यात पहिलाच प्रश्न मृत्यूच्या कारणाचा असतो, असे घडू नये. आपण कोण, नाते कसे, हे सांगून आपल्याकडचा एखादा जुना फोटो किंवा कागद आधी द्यावा; मागणे नंतर. आत्महत्या, व्यसन, तुरुंगवास अशा गोष्टी दाखल्यात दिसल्या तरी सार्वजनिक वंशावळीत लगेच चढवू नयेत. वंशावळ संकेतस्थळे जिवंत माणसांची माहिती आपोआप झाकतात, पण एखाद्याला मृत म्हणून चढवले की ते झाकण निघते. म्हणजे चुकून मृत ठरवलेल्या हयात व्यक्तीची जन्मतारीख जगासमोर येते. अमेरिकेच्या मृत्यू-सूचीतही हयात माणसांची नावे चुकून आलेली आहेत. वैद्यकीय कागद मात्र बहुधा मिळत नाहीत: अमेरिकेत रुग्णाच्या आरोग्यविषयक माहितीचे संरक्षण मृत्यूनंतरही ५० वर्षे चालते.

इतके करूनही नोंद सापडत नाही, तेव्हा आधी वर्ष तपासावे. सूची मृत्यूच्या नव्हे तर नोंदणीच्या तारखेने लावलेली असू शकते. इंग्लंडमध्ये मृत्यू संशयास्पद किंवा अपघाती असेल तर कॉरोनरची (मृत्यूचे कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याची) चौकशी पूर्ण झाल्यावर नोंदणी होते, आणि तिला वर्षभर किंवा अधिकही लागते; डिसेंबर २०१४ चा मृत्यू त्यामुळे २०१६ च्या सूचीत निघतो. मग देश तपासावा. प्रवासात किंवा परदेशी निवृत्त जीवन जगताना आलेला मृत्यू त्या देशाच्या वहीत असतो आणि मायदेशात त्याची खबर फार तर वकिलातीच्या नोंदीतून मिळते. माणूस बेपत्ता झाला असेल तर मृत्यूचा दाखला नसून न्यायालयाचा निर्णय शोधावा लागतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये मृत्यू-गृहीतक कायदा २०१३ मध्ये झाला, आणि उच्च न्यायालयाने तशी घोषणा केल्यावर तिची नोंद गृहीत मृत्यूंच्या स्वतंत्र वहीत होते.

आणि तरीही काही हाती लागले नाही, तर वंशावळीतील तो रकाना अंदाजाने भरू नये किंवा कोराही सोडू नये. ‘मार्च १९९८ नंतर आणि ऑगस्ट २००७ पूर्वी’ असे लिहावे, आणि पहिली मर्यादा कोणत्या कागदावरून व दुसरी कोणत्या कागदावरून घेतली ते शेजारीच टिपावे, म्हणजे त्या प्रदेशाची मुदत संपून वही उघडेल तेव्हा नेमकी कोणती पाने चाळायची हे पुढच्या माणसाला ठाऊक असेल.